इंग्रजी बोलणे : कानाची ओळख आणि जिभेची सवय

मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्या मुलामुलींना इंग्रजी येत नाही, हे विधान आपण इतक्या वेळा ऐकतो की ते खरेच वाटू लागते. वास्तविक ते अर्धेच खरे आहे. दहावी-बारावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी इंग्रजी उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहितो, अर्ज लिहितो, निबंध लिहितो. पदवीला गेल्यावर इंग्रजीतील जाडजूड पाठ्यपुस्तकेही पार करतो. अडते ते बोलताना. मुलाखतीच्या खोलीत, महाविद्यालयातील चर्चासत्रात, कार्यालयातील बैठकीत कोणी साधा प्रश्न विचारला की उत्तर मनात असते, पण ओठांवर येत नाही. ज्याला विषय कमी कळतो पण बोलता येते तो पुढे जातो, आणि ज्याला विषय कळतो तो गप्प राहून मागे पडतो. वसतिगृहात राहून शिकलेल्या आणि पुढे पुणे-मुंबईच्या महाविद्यालयांत गेलेल्या आपल्या कित्येक माजी विद्यार्थ्यांना हा अनुभव नवा नाही.

हे गप्प राहणे बुद्धीच्या उणिवेमुळे नसते. बोलणे हे ज्ञानापेक्षा सवयीचे काम आहे, आणि ती सवय लागण्यासाठी जो सराव लागतो तो आपल्या मुलांना मिळालेला नसतो. हा सराव घरी, वसतिगृहात, प्रवासात, हाती असलेल्या साध्या साधनांनी कसा करता येईल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

शाळेत बोलणे का राहून जाते?

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्यापूर्वी इंग्रजीची सुरुवात पाचवीत होत असे. म्हणजे आजच्या विद्यार्थ्याला दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी मिळते, त्याच्या पालकांना सहाच वर्षे मिळाली होती. तरीही बोलण्याच्या बाबतीत दोन्ही पिढ्यांची अडचण बरीचशी सारखीच आहे. याचे कारण एका साध्या गणितात आहे. वर्गात साठ मुले आहेत आणि तासिका पस्तीस मिनिटांची आहे असे धरू. शिक्षकाने स्वतः एक शब्दही न बोलता सगळा वेळ मुलांना समान वाटून दिला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला पस्तीस सेकंद येतात. प्रत्यक्षात शिक्षकाला धडा शिकवायचा असतो, फळ्यावर लिहायचे असते, वह्या तपासायच्या असतात. शिवाय परीक्षेतील बहुतेक गुण लेखी उत्तरांना असतात. म्हणून डोळा आणि हात तयार होतात. कान आणि जीभ तशीच राहतात.

हा दोष कोणा एका शिक्षकाचा नाही. पोहण्याचे नियम वर्गात सांगता येतात, परंतु पोहायला विहिरीतच उतरावे लागते. इंग्रजी बोलण्याची विहीर वर्गाच्या बाहेर आहे, हे एकदा मान्य केले की पुढचा मार्ग दिसू लागतो.

घरात घडलेले इंग्रजी

इतिहासाच्या दृष्टीने पाहता घरी केलेल्या सरावाचे महत्त्व आपल्या समाजाला नवे नाही. सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात त्यांनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले. ज्या काळात मुलीच्या हाती पाटी देणे हेच पाप समजले जात होते, त्या काळातील हे आवाहन आहे. इंग्रजी ही त्यांच्या दृष्टीने मिरवण्याची वस्तू नव्हती. बंद दार उघडण्याचे ते साधन होते.

बाबासाहेबांच्या बाबतीत तर घर हीच पहिली इंग्रजी शाळा होती. वडील रामजी सुभेदार स्वतः लष्करातील शाळेत शिक्षक होते. त्यांनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतरमाला भीमरावांकडून पक्क्या करून घेतल्या, अशी नोंद चरित्रकार धनंजय कीर यांनी केली आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत, घरातल्या माणसांच्या वर्दळीत हा अभ्यास चालत असे. १९०७ मध्ये मॅट्रिक, १९१२ मध्ये बी. ए. आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ असा तो प्रवास झाला. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी कोलंबियातील चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीसमोर त्यांनी साक्ष दिली. २० नोव्हेंबर १९३० रोजी लंडनच्या गोलमेज परिषदेत ते अस्पृश्यांच्या वतीने बोलले. या तिन्ही प्रसंगी आपल्या समाजाचा प्रश्न परक्या श्रोत्यांपुढे, त्यांना कळणाऱ्या भाषेत, तोंडाने मांडावा लागला. लेखणी जितकी महत्त्वाची होती, तितकीच वाणीही.

बाबासाहेब शाळेत असताना इंग्रजीचा आवाज घरात आणण्याचे साधन सामान्य माणसाजवळ नव्हते. मुंबईचे रेडिओ केंद्र सुरू झाले ते १९२७ मध्ये. आज तोच आवाज दिवसाचे चोवीस तास आपल्या खिशातील फोनमध्ये आहे. रामजी सुभेदारांजवळ होती ती शिस्त मात्र फोनमधून मिळत नाही. ती आपणच आणावी लागते.

मराठी जिभेला इंग्रजी कोठे अडते?

सराव सुरू करण्यापूर्वी अडचण नेमकी कोठे आहे हे समजून घेतले, तर श्रम वाया जात नाहीत. मराठी भाषकापुढे मुख्यतः तीन अडचणी असतात.

पहिली अडचण वाक्यरचनेची. 'मी काल बाजारातून भाजी आणली' या मराठी वाक्यात क्रियापद अगदी शेवटी येते. इंग्रजीत 'आय बॉट व्हेजिटेबल्स फ्रॉम द मार्केट यस्टरडे' असे म्हणताना ते दुसऱ्याच शब्दाला येते. जो मनात मराठी वाक्य तयार करून त्याचे इंग्रजी करू पाहतो, त्याला मराठी वाक्याच्या टोकाला पोहोचेपर्यंत इंग्रजीचा दुसरा शब्दही सापडत नाही. बोलताना 'आय...' म्हणून आपण थांबतो ते यामुळे. 'पाऊस पडतो आहे' याला इंग्रजीत 'इट इज रेनिंग' म्हणतात. यातील 'इट' मराठी वाक्यात कोठेच नाही. शब्दाला शब्द शोधणाऱ्याला तो कधीच सापडणार नाही. 'मला दोन भाऊ आहेत' याचे 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' असे रूप आपण ऐकतो. प्रमाण इंग्रजीत ते 'आय हॅव टू ब्रदर्स' असे आहे. यावरचा उपाय एकच : सुटे शब्द पाठ न करता पूर्ण वाक्ये आणि वाक्यखंड कानातून मनात साठवणे. लहानपणी मराठीही आपण अशीच शिकलो.

दुसरी अडचण ध्वनींची. इंग्रजी लिपीत अक्षरे सव्वीस, पण ध्वनी सुमारे चव्वेचाळीस. म्हणून इंग्रजीचे स्पेलिंग उच्चाराचा भरवसा देत नाही. मराठीत 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी हे लिहिताना वेगळे दिसतात, पण बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष देत नाही. इंग्रजीत त्याने अर्थ बदलतो. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'व्हेस्ट' म्हणजे बनियन. पहिल्यात ओठांचा चंबू होतो आणि दात ओठाला लागत नाहीत; दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. आरशासमोर उभे राहून हे दोन शब्द दहा-दहा वेळा म्हटले, तर फरक डोळ्यांनी दिसतो. 'फॅन'मधला पहिला ध्वनीही दात ओठाला टेकवून निघतो. 'फळ' म्हणताना मात्र आपले दोन्ही ओठ मिटून उघडतात.

तिसरी अडचण आघाताची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मराठीत शब्दातील अक्षरे आपण बहुतांशी सारख्याच जोराने उच्चारतो. इंग्रजीत एका अवयवावर जोर असतो आणि बाकीचे दबलेले असतात. 'फोटोग्राफ' म्हणताना जोर 'फो'वर, 'फोटोग्राफी' म्हणताना 'टो'वर, आणि 'फोटोग्राफिक' म्हणताना 'ग्रा'वर येतो. 'हॉटेल' शब्दात आपण सुरुवातीला जोर देतो, इंग्रजीत तो 'टेल'वर आहे. 'डेव्हलपमेंट'मध्ये जोर 'डे'वर नसून 'व्हे'वर आहे. 'रेकॉर्ड' हे नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. ही गोष्ट नुसती पुस्तक वाचून कळत नाही. ती ऐकावीच लागते.

ऐकावे काय आणि कसे?

लिपी शिकण्यापूर्वी कानाने शिकणे आपल्या मुलांना अपरिचित नाही. वसतिगृहातील पहिली-दुसरीचे मूल त्रिशरण-पंचशील पालीत अचूक म्हणते, ते वाचून नव्हे, तर रोज सकाळ-संध्याकाळ सर्वांबरोबर ऐकून आणि म्हणून. बुद्धवचनेही श्रीलंकेत लिहिली जाण्यापूर्वी काही शतके भाणकांच्या मुखातून आणि श्रोत्यांच्या कानांतूनच टिकली. ऐकणे, म्हणणे, पुन्हा ऐकणे, पुन्हा म्हणणे ही पद्धत किती बळकट असते याचा पुरावा आपल्या रोजच्या वंदनेत आहे. तिला अर्थाची जोड दिली की ती इंग्रजीसाठीही चालते.

अर्थाची ही जोड महत्त्वाची आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८० च्या दशकात एक सिद्धांत मांडला : आपल्या सध्याच्या पातळीपेक्षा किंचित वरचे, पण संदर्भाने समजणारे बोलणे ऐकले की भाषा आत्मसात होते. जे मुळीच समजत नाही, ते कानावरून नुसते वाहून जाते. म्हणून पहिल्याच दिवशी वेगवान इंग्रजी चित्रपट लावून बसण्यात अर्थ नाही. खालील साधने त्या दृष्टीने उपयोगी आहेत.

पहिले साधन रेल्वे स्थानकावर आहे. महाराष्ट्रातील स्थानकांवर गाडीची घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत होते. मजकूर तोच, वाक्ये ठरलेली, उच्चार स्पष्ट. मराठीतून अर्थ कळलेला असतो, म्हणून इंग्रजी वाक्य आपोआप समजते. प्रवासात ते मनातल्या मनात नव्हे, तर हलक्या आवाजात परत म्हणावे.

दुसरे साधन म्हणजे बातम्यांची जोडी. एकच घटना प्रथम मराठी वृत्तपत्रात वाचावी, नंतर इंग्रजी वृत्तपत्रात वाचावी. 'लोकसत्ता' आणि 'इंडियन एक्सप्रेस', 'महाराष्ट्र टाइम्स' आणि 'टाइम्स ऑफ इंडिया' ही एकाच समूहाची वृत्तपत्रे असल्याने अशी जोडी सहज मिळते. त्यानंतर तीच बातमी आकाशवाणीच्या इंग्रजी बातमीपत्रात ऐकावी. विषय आधीच माहीत असल्यामुळे सगळे लक्ष भाषेकडे देता येते.

तिसरे साधन शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम तयार केलेले कार्यक्रम. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ने १९५९ मध्ये 'स्पेशल इंग्लिश' नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात मूळ शब्दसंग्रह सुमारे १,५०० शब्दांचा ठेवला, वाक्ये आखूड ठेवली आणि वाचनाचा वेगही नेहमीपेक्षा बराच कमी ठेवला. बीबीसीच्या इंग्रजी शिकवणाऱ्या विभागाने सहा-सहा मिनिटांच्या संवादांची मोठी मालिका तयार केली, आणि त्यांतील संवादांचा लिखित मजकूरही मिळतो. हे सर्व विनामूल्य आहे. यूट्यूबवर कोणत्याही चित्रफितीचा वेग कमी करण्याची सोय आहे. सुरुवातीला पाऊण वेगाने ऐकण्यात कमीपणा मानू नये.

चौथे साधन क्रिकेटचे इंग्रजी समालोचन. चेंडू सीमापार गेला, झेल सुटला, फलंदाज धावबाद झाला हे डोळ्यांना दिसतच असते. खेळ माहीत असलेल्या मुलाला त्याच क्षणी कानावर पडणारे वाक्य कळते. एका षटकातील दोन-तीन वाक्ये टिपून घेतली तरी पुरे.

पाचवे साधन पडद्यावरील अक्षरे. ऐकू येणारी भाषा आणि खाली उमटणारी अक्षरे एकाच भाषेत असली, तर वाचन सुधारते, हा विचार घेऊन अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून काम केले. हिंदी चित्रपटगीतांखाली हिंदी ओळी दाखवण्याचा प्रयोग त्यातूनच दूरदर्शनवर आला. इंग्रजीसाठीही हेच तत्त्व धरावे. इंग्रजी संवादाखाली मराठी किंवा हिंदी ओळी लावल्या, तर डोळा आपली भाषा वाचतो आणि कान झोपतो. इंग्रजीखाली इंग्रजीच ओळी लावाव्यात.

ऐकण्याची रीत अशी असावी. दोन मिनिटांचा एकच तुकडा घ्यावा. प्रथम मजकूर न पाहता ऐकावा. दुसऱ्यांदा मजकूर समोर ठेवून ऐकावा आणि न कळलेले शब्द पाहावेत. तिसऱ्यांदा मजकूर बाजूला ठेवून ऐकावा. तिसऱ्या वेळी जे पहिल्यांदा निसटले होते ते स्वच्छ ऐकू येते, आणि हाच शिकणाऱ्याचा खरा आनंद असतो. दोन तास पार्श्वभूमीला आवाज चालू ठेवण्यापेक्षा दोन मिनिटांचे हे तिहेरी ऐकणे अधिक फळ देते.

ऐकणाऱ्याने उत्तर दिले पाहिजे

मात्र नुसते ऐकून बोलता येत नाही. कॅनडात इंग्रजी भाषक मुलांना सर्व विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या शाळा आहेत. त्या मुलांचा अभ्यास करून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये असे दाखवले की कित्येक वर्षे फ्रेंच ऐकून त्यांचे आकलन उत्तम झाले, पण बोलण्यात आणि व्याकरणात ती मागेच राहिली. कारण त्यांना स्वतः बोलून पाहण्याची पुरेशी संधी आणि गरज पडली नव्हती. आपल्याकडे वर्षानुवर्षे इंग्रजी वाहिन्या पाहूनही तोंड न उघडणारी माणसे आहेत, त्याचे उत्तर येथे आहे. प्रसारमाध्यम एकतर्फी बोलत असते; त्याला शिक्षक करायचे तर आपण त्याला उत्तर द्यावे लागते. त्यासाठी चार रीती सांगतो.

पहिली रीत सावलीसारखे बोलण्याची. निवेदक बोलत असताना अर्धा क्षण मागे राहून, तेच शब्द, त्याच चढउताराने आपण मोठ्याने म्हणत जायचे. माणूस चालतो तशी सावली चालते, तसे हे आहे. सुरुवातीला निम्मे शब्द सुटतात. तोच तुकडा पाच-सहा वेळा घेतला की जीभ वळते. आघात आणि लय शिकण्यासाठी यासारखा दुसरा उपाय नाही.

दुसरी रीत स्वतःच्या दिवसाचे निवेदन करण्याची. सकाळी पाणी भरताना, अंथरूण आवरताना, बसची वाट पाहताना आपण जे करतो आहोत ते इंग्रजीत म्हणायचे : 'आय ॲम फोल्डिंग द ब्लँकेट', 'द बस इज लेट टुडे'. यासाठी श्रोता लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि चुकले तरी हसणारे कोणी नसते. जो शब्द अडेल तो वहीत टिपून संध्याकाळी शोधावा. गरजेपोटी शोधलेला शब्द विसरत नाही.

तिसरी रीत चार-तीन-दोन मिनिटांची. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी १९८९ मध्ये या पद्धतीवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. एका विषयावर, उदाहरणार्थ 'माझे गाव', एका मित्राला चार मिनिटे सांगायचे. तेच दुसऱ्या मित्राला तीन मिनिटांत, आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. मजकूर तोच असल्यामुळे काय बोलावे याची चिंता उरत नाही, आणि प्रत्येक वेळी अडखळणे कमी होत जाते. वसतिगृहाइतकी या पद्धतीला अनुकूल जागा दुसरी नाही. तेथे तीन श्रोते शोधावे लागत नाहीत.

चौथी रीत ध्वनिमुद्रणाची. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला एकाच विषयावर दोन मिनिटे बोलून ते फोनवर नोंदवून ठेवावे. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकवत नाही. प्रत्येकाचे तसेच होते. परंतु तीन महिन्यांनी पहिले आणि चौथे ध्वनिमुद्रण शेजारी ठेवून ऐकले, तर प्रगती किती झाली हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही. फोनमधील बोलून टंकलेखन करण्याची सोयही वापरून पाहावी. भाषेच्या पर्यायांत भारतीय इंग्रजी निवडून एक वाक्य बोलावे आणि पडद्यावर काय उमटते ते पाहावे. 'वेस्ट' म्हटल्यावर भलताच शब्द उमटला, तर कोठे लक्ष द्यायचे ते कळते. यंत्रही चुकते, म्हणून त्याचा निकाल अंतिम मानू नये. शंका आली तर केंब्रिजच्या शब्दकोशासारख्या उच्चार ऐकवणाऱ्या कोशात खात्री करावी.

लाज कोणाची आणि कशासाठी?

या सर्व रीती सोप्या आहेत, तरी त्या सुरू होत नाहीत, कारण आड येते ती लाज. चुकलो तर लोक हसतील ही भीती पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसवल्या गेलेल्या समाजात अधिक खोल असते. इंग्रजी बोलणारा मोठा आणि न बोलणारा लहान, अशी नवी उतरंड आपल्या डोळ्यांसमोर उभी राहिली आहे, आणि तिच्या भीतीवर महागड्या वर्गांचा व्यापार चालतो. तीस दिवसांत अस्खलित इंग्रजीचे आश्वासन देणाऱ्या वर्गात हजारो रुपये भरण्यापूर्वी पालकांनी एकच प्रश्न विचारावा : माझे मूल एका तासात प्रत्यक्ष किती मिनिटे बोलेल? उत्तर समाधानकारक नसेल, तर ते पैसे वाचवावेत.

उच्चार ब्रिटिश किंवा अमेरिकन असावेत, हा आग्रहही सोडावा. ब्रज कचरू यांनी १९८५ मध्ये जगातील इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली आणि भारतासारख्या देशांतील इंग्रजीला स्वतःचे रूप आहे हे दाखवून दिले. तमिळ माणसाचे इंग्रजी तमिळ वळणाचे असते, बंगाली माणसाचे बंगाली वळणाचे. मराठी माणसाच्या इंग्रजीत मराठी वळण आले तर त्यात उणे काही नाही. समोरच्याला एका वेळी कळले पाहिजे, एवढीच कसोटी. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये बीबीसीला दिलेल्या मुलाखतीचे ध्वनिमुद्रण आज इंटरनेटवर ऐकता येते. ते प्रत्येकाने ऐकावे. विचारांसाठी तर ऐकावेच, पण भारतीय उच्चार ठेवून, घाई न करता, आपले म्हणणे ठामपणे कसे मांडता येते हे शिकण्यासाठीही ऐकावे.

येथे पालकांचा वाटा मोठा आहे. आईवडिलांना इंग्रजी येत नसले तरी ते मुलाला बोलते करू शकतात. संध्याकाळी मुलाला समोर बसवून 'आज शाळेत काय झाले ते इंग्रजीत सांग' एवढे म्हणावे, आणि घड्याळ पाहून पाच मिनिटे ऐकावे. अर्थ कळला नाही तरी मूल अडखळते की सलग बोलते, हे आईला कळते. नंतर तेच मराठीत सांगायला लावावे. घरात हसणारे कोणी नाही, ऐकणारे आहे, हा विश्वास कोणत्याही वर्गापेक्षा मोलाचा आहे. मराठी सोडून घरात मोडके इंग्रजी सुरू करण्याची मात्र गरज नाही. ज्याची मराठी समृद्ध असते, त्याच्याजवळ इंग्रजीत सांगण्यासारखे काही असते.

रोजचा अर्धा तास

हे सर्व एका दिनक्रमात बसवायचे, तर अर्धा तास पुरतो. पहिली दहा मिनिटे दोन मिनिटांच्या तुकड्याचे तिहेरी ऐकणे. पुढची दहा मिनिटे त्याच तुकड्याचे सावलीसारखे बोलणे. शेवटची दहा मिनिटे स्वतःच्या शब्दांत बोलणे : ऐकलेली बातमी सांगणे किंवा दिवसाचे निवेदन करणे. त्या दिवशीची पाच वाक्ये वहीत लिहावीत आणि दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा मोठ्याने म्हणावीत. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले की पाठ केलेले सुरुवातीच्या तासांत आणि पहिल्या दिवसात झपाट्याने विसरले जाते, आणि उजळणी केली की विसरण्याचा वेग मंदावतो. रोज पाच वाक्ये म्हणजे वर्षाला अठराशेहून अधिक वाक्ये. नेहमीच्या संभाषणाला एवढा साठा बराच पुरतो. रविवारी एकदम चार तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास श्रेयस्कर, हे व्यायामाप्रमाणे येथेही खरे आहे.

माजी विद्यार्थ्यांना विनंती

एकट्याने करता येणारा सराव वर सांगितला. तथापि भाषा शेवटी दुसऱ्या माणसाशी बोलण्यासाठी असते, आणि वसतिगृहातील मुलांना नेमका तो दुसरा माणूस मिळत नाही. ही स्मरणिका वाचणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज बँकांत, कार्यालयांत, दवाखान्यांत, परदेशी कंपन्यांत रोज इंग्रजी बोलत आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाने एका मुलाची वा मुलीची निवड करून, अधीक्षकांच्या फोनवर, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी दहा मिनिटे त्याच्याशी इंग्रजीत बोलावे. विषय साधे असावेत : या आठवड्यात काय वाचले, कोणता सामना पाहिला, गावाकडून कोण येऊन गेले. चूक मध्येच थांबवून सुधारू नये. मुलाचे वाक्य पूर्ण झाल्यावर तेच वाक्य बरोबर रूपात आपण सहज म्हणून दाखवावे. वर्षभरात ही बावन्न संभाषणे होतात, म्हणजे पाचशे वीस मिनिटे. वर्गातील त्या पस्तीस सेकंदांच्या हिशेबाने पाहिले, तर जवळजवळ नऊशे तासिकांत जेवढे बोलायला मिळावे तेवढे त्या मुलाला एका वर्षात मिळते. शाळेला देणगी देण्याचे अनेक मार्ग आहेत. त्यांत आठवड्याच्या दहा मिनिटांची ही देणगी कोणत्याही माजी विद्यार्थ्याला परवडण्यासारखी आहे, आणि मुलाखतीच्या खोलीत त्या मुलाच्या कामी येणारी आहे.